दुर्मीळ आजारांची मुले आणि 50 लाखांची मर्यादा : पार्श्वभूमी

दुर्मीळ आजार असलेल्या मुलाच्या उपचारासाठी केंद्र सरकारकडून जास्तीत जास्त 50 लाख रुपये मिळतात, हे परळच्या महापालिका रुग्णालयात अर्ज करणाऱ्या पालकांना आता पहिल्याच भेटीत कळते. हा आकडा कसा ठरला आणि ती रक्कम संपल्यावर मुलाचे काय व्हायचे, हा प्रश्न गेली काही वर्षे न्यायालयांत, मंत्रालयांत आणि रुग्णालयांच्या खिडक्यांवर फिरतो आहे.

हे आजार नवे नाहीत. यकृत आणि प्लीहा फुगवणाऱ्या गॉशर आजाराचे पहिले वर्णन 1882 मध्ये पॅरिसमध्ये झाले, तर स्नायू दुबळे करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीचे (एसएमए) 1891 मध्ये. पुढची शंभर वर्षे आजाराला नाव होते, औषध नव्हते. गॉशरसाठी शरीरात नसलेले विकर (एन्झाइम) बाहेरून शिरेवाटे देण्याचा उपचार 1991 मध्ये अमेरिकेत उपलब्ध झाला. तेथे 1983 साली झालेल्या कायद्याने अशा थोड्या रुग्णांच्या औषधांना विक्रीची मक्तेदारी आणि करसवलत देऊ केली होती. त्या मक्तेदारीतून औषधे आली आणि त्यांच्या किमतीही आल्या. भारतातील मोजक्या मुलांना ही औषधे बरीच वर्षे मिळाली ती उत्पादकांच्या धर्मादाय कार्यक्रमांतून. त्यात कोणाचा नंबर लागेल हे पालकांच्या हाती नव्हते.

निदानापर्यंत पोहोचणे हीच एक मोठी मजल असते. गॉशरच्या मुलाचे पोट पुढे आलेले दिसते, म्हणून आधी जंताचे औषध होते, मग काविळीचा संशय येतो. तालुक्याच्या गावी सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली दिसते, रक्तातील प्लेटलेट कमी भरतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन चिठ्ठी देऊन पुण्या-मुंबईला पाठवतात. अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्करोग नाही असे कळल्यावर आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, आणि त्यानंतर कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका विकरांच्या चाचणीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. लहान मुलांच्या आनुवंशिक आजारांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे या सगळ्यात सहज एक-दोन वर्षे जातात. तोवर घरात दुसरे मूल जन्मलेले असते आणि त्यालाही तोच आजार असण्याची शक्यता चारात एक असते.

राज्याच्या आरोग्य योजनांचा आधार येथे तोकडा पडतो. महाराष्ट्रात 1997 पासून जीवनदायी योजना आहे. तिचे आजचे रूप महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि संरक्षणाची रक्कम आता 5 लाखांपर्यंत गेली आहे. हृदयाला भोक असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया त्यातून होते आणि कुटुंब मोकळे होते. योजनेची रचनाच ठरलेल्या पॅकेजांची आहे. दर पंधरवड्याला, जन्मभर द्यायचे औषध त्या चौकटीत बसवायचे कसे, याचे उत्तर तिच्याकडे नाही. मग मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांचे न्यास, आमदारांची शिफारसपत्रे असा फेरा सुरू होतो.

सरकारला पहिला जोरदार धक्का बसला तो दिल्ली उच्च न्यायालयात. गॉशर झालेल्या, रिक्षा ओढणाऱ्या बापाच्या सात वर्षांच्या मुलाच्या याचिकेवर 17 एप्रिल 2014 रोजी निकाल देताना न्यायालयाने घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात परवडणाऱ्या उपचारांचाही समावेश होतो असे मानले आणि दिल्ली सरकारला औषध मोफत पुरवण्यास सांगितले. त्यानंतर याचिकांची रांग लागली. 2017 मध्ये केंद्राने 100 कोटींच्या प्रारंभिक निधीची तरतूद असलेले धोरण जाहीर केले, पण आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने खर्च कोणी कसा वाटून घ्यायचा यावर ते अडले आणि 2018 च्या अखेरीस स्थगित झाले. नवे धोरण 31 मार्च 2021 पर्यंत अंतिम करा, अशी मुदत पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयानेच घातली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याला मंजुरी दिली ती 30 मार्चला. मुदतीच्या आदल्या दिवशी धोरण मंजूर व्हावे, यातून त्यामागची निकड नेमकी कोणाची होती हे दिसते.

या धोरणातील सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे आजारांचे तीन गट. एकदाच उपचार करून बरे होणारे आजार, उदाहरणार्थ अस्थिमज्जा किंवा यकृत प्रत्यारोपणाने आटोक्यात येणारे, पहिल्या गटात गेले. विशेष आहारासारखे दीर्घकाळाचे पण तुलनेने स्वस्त उपचार दुसऱ्या गटात. गॉशर, पॉम्पे, फॅब्री, एसएमए आणि म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसचे काही प्रकार, म्हणजे ज्यांना औषध आहे पण ते अतिशय महाग आणि बहुधा आयुष्यभराचे आहे, ते तिसऱ्या गटात. केंद्राची 20 लाखांपर्यंतची मदत फक्त पहिल्या गटाला होती. दुसऱ्या गटाचा विचार राज्यांनी करावा, आणि तिसऱ्या गटासाठी लोकवर्गणीचे सरकारी पोर्टल उघडले जाईल, असे ठरले.

धोरणकर्त्यांची बाजू धोरणातच मांडलेली आहे : साधने मर्यादित आहेत, आणि थोड्या रुग्णांवरचा प्रचंड खर्च अनेकांच्या प्राथमिक गरजांशी तोलून पाहावा लागतो. हा युक्तिवाद हास्यास्पद नाही. कुपोषण आणि क्षय असलेल्या देशात तो कोणालातरी करावाच लागतो. पण त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा झाला, की ज्यांच्या आजाराला औषध आहे हे सिद्ध झाले होते, त्याच मुलांना जनतेच्या दानावर सोडले गेले. पोर्टलवर देशभरातून जमलेली रक्कम एका मुलाच्या वर्षभराच्या औषधालाही पुरी पडेना.

त्याच वर्षी महाराष्ट्रात खासगी लोकवर्गणीने मात्र अचाट आकडे गाठले. एसएमएच्या दोन वर्षांखालील मुलांसाठी 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले जनुकीय औषध ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ म्हणून घरोघरी माहीत झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबईच्या एका बाळासाठी केंद्राने सुमारे 6 कोटींचे आयात शुल्क आणि कर माफ केले. काही मुलांना ते उत्पादकाच्या जागतिक सोडतीतून मिळाले. ज्यांच्या बाळाचा व्हिडिओ पसरला नाही, त्यांची नावे कोणापर्यंत पोहोचली नाहीत. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये या औषधावरील जीएसटी सर्वांसाठी हटला, आणि 1 एप्रिल 2023 पासून धोरणातील आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आणलेल्या औषधांवरचे मूळ सीमाशुल्कही गेले.

मे 2022 मध्ये तिन्ही गटांसाठी 50 लाखांपर्यंतची मदत लागू झाली. ती सुरुवातीला ठरवलेल्या 8 उत्कृष्टता केंद्रांमार्फत, म्हणजे या आजारांसाठी नेमलेल्या सरकारी रुग्णालये व संस्थांमार्फत, मिळू लागली, आणि त्यांत मुंबईचे केंद्र परळला आहे. पालकांनी पुष्कळ मिळाले असे मानले, कारण आधी काहीच नव्हते. पण ही मर्यादा वर्षाची नसून एका रुग्णाची आहे. गॉशरच्या विकराची मात्रा वजनावर ठरते. किलोमागे 60 युनिट धरले, तर 10 किलोच्या मुलाला दर पंधरवड्याला 400 युनिटच्या दीड कुप्या लागतात आणि 20 किलोच्या मुलाला तीन. औषधाने मूल सुधारते, जेवू लागते, वजन घेते, आणि नेमका त्यामुळेच निधी लवकर संपतो. मग सलाइनची तारीख पुढे ढकलली जाते, प्लीहा पुन्हा वाढू लागते आणि पालक पुन्हा न्यायालयाच्या दारात येतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारून 2024-25 आणि 2025-26 साठी 974 कोटी ठेवण्याचा आदेश दिला. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 50 लाख संपलेल्या एका एसएमए रुग्णाला आणखी 18 लाखांचे औषध द्या, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने दिला होता. त्याला फेब्रुवारी 2025 मध्ये स्थगिती मिळाली. म्हणजे मर्यादेचा प्रश्न आजही लोंबकळत आहे.

दरम्यान बदल झाला तो किमतीच्या बाजूने. एसएमएवर तोंडाने घ्यायच्या रिस्डिप्लाम या औषधाची बाटली भारतात 6 लाखांहून अधिक किमतीला मिळत होती. देशी कंपनीने ते बनवू नये यासाठी मूळ उत्पादकाने लढवलेला पेटंटचा दावा उच्च न्यायालयात टिकला नाही, ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला, आणि देशी बाटली 15,900 रुपयांना बाजारात आली. 20 किलोवरील मुलाला रोज 5 मिलिग्रॅम लागते आणि 60 मिलिग्रॅमची बाटली 12 दिवस पुरते. जुन्या भावाने 50 लाख तीन महिन्यांत संपत होते. नव्या भावाने तेच पैसे दहा वर्षे पुरतील. विकरांच्या औषधांबाबत अशी उतरण झालेली नाही. ती जिवंत पेशींकडून तयार करवून घ्यावी लागतात आणि त्यांची नक्कल रासायनिक औषधाइतकी सोपी नसते, त्यामुळे गॉशर आणि पॉम्पेच्या मुलांचा हिशेब अजूनही 2022 च्याच आकड्यावर आणि मुलाच्या वजनावर चालतो.