‘हार्ड’ अट किती हार्ड? क्लाउड नेटवर्कमधल्या निर्णयांची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ, समुद्राखालच्या केबल तुटल्या. त्यांतल्या दोन पुढे मुंबईला येणाऱ्या. एका मोठ्या क्लाउड कंपनीने ग्राहकांना कळवलं, की मध्यपूर्वेतून जाणारं ट्रॅफिक (माहितीची ये-जा) दुसऱ्या मार्गांवर टाकलं आहे आणि लेटन्सी, म्हणजे माहिती पोहोचायला लागणारा वेळ, वाढलेली जाणवेल. सेवा चालू राहिली. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या होत्या, तेव्हा भारताची बाहेरच्या जगाशी जोडणारी क्षमता जवळपास निम्म्यावर आली होती. या दोन प्रसंगांतला मोठा फरक अर्थातच मधल्या काळात वाढलेल्या केबलचा. पण ट्रॅफिक कुठून वळवायचं हे ठरवण्याची रीतही या सतरा वर्षांत मुळापासून बदलली.

त्यामागचं गणित, म्हणजे अटी पाळून सर्वोत्तम वाटप शोधणारं ऑप्टिमायझेशन, जुनं आहे. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यात कोणत्या यंत्रावर कोणतं लाकूड किती वेळ चालवायचं, या प्रश्नातून एक धागा निघाला. असे प्रश्न सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये आली, ब्रँच अँड बाउंड ही पद्धत १९६० मध्ये. हे अभ्यासक्रमात असतंच, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही. नेटवर्कवाल्यांनी मात्र हे गणित बराच काळ दारातच उभं ठेवलं. प्रत्येक राउटरने (माहितीला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्राने) आपल्यापुरता निर्णय घ्यावा, म्हणजे एक मेला तरी बाकीचे जगतील, हे त्यांचं मूळ तत्त्व होतं.

त्या तत्त्वाला पहिला धक्का इंटरनेटचं पूर्वज असलेल्या अर्पानेटमध्ये बसला. १९७९ मध्ये तिथे मोजलेल्या विलंबावरून मार्ग निवडायला सुरुवात झाली. हलक्या भारात हे छान चाललं. भार वाढला की गर्दीची लिंक (दोन राउटरमधली जोडणी) महाग, म्हणजे जास्त विलंबाची, दिसायची, सगळे राउटर एकदम दुसऱ्या लिंकवर जायचे, मग ती महाग व्हायची आणि सगळे परत. भरलेली ९.६ केबीपीएसची लिंक मोकळ्या ५६ केबीपीएसच्या लिंकपेक्षा १२७ पट महाग दिसू शकत होती. १९८७ मध्ये सूत्र बदललं आणि गर्दीच्या लिंकची किंमत तिच्या मोकळ्या वेळच्या किमतीच्या तिपटीपुढे जाणार नाही, असा आवर घातला. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे: निर्णय ज्या आकड्यावर घेतला, तो आकडा निर्णयामुळेच बदलला.

पुढची वीस वर्षं लिंकना हाताने वजनं, म्हणजे ठरावीक किमती, देण्यात गेली. ती वजनं सर्वोत्तम निवडणं हा अवघड वर्गातला प्रश्न आहे, हे २००० च्या सुमारास सिद्ध झालं. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की शोधून काढलेली चांगली वजनं आदर्श उत्तराच्या बरीच जवळ जातात. २००१ मध्ये लेबल लावून मार्ग आरक्षित करण्याची पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक राउटर आपल्या मागणीपुरता, अटींत बसणारा सर्वांत जवळचा मार्ग धरायचा. पण कोण आधी आलं यावर सगळं ठरायचं. आधी आलेल्याने छोटा रस्ता अडवला की मागून येणाऱ्याला वळसा, आणि एकूण क्षमतेचा काही भाग पडून राहायचा. लांब पल्ल्याच्या लिंक सरासरी तीस-चाळीस टक्केच भरलेल्या ठेवणं ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती.

२००८ मध्ये नेटवर्कची यंत्रं बाहेरून चालवण्याची ओपनफ्लो ही पद्धत आली, आणि राउटरमधला ‘विचार करणारा’ भाग बाहेर काढून एका सर्व्हरवर ठेवता येतो हे सिद्ध झालं. २०१३ च्या एकाच परिषदेत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या आंतरखंडीय नेटवर्कबद्दल लिहिलं. पहिलीने सांगितलं, की तिच्या कित्येक लिंक शंभर टक्क्यांच्या आसपास भरतात आणि दीर्घकालीन सरासरी सत्तर टक्के आहे. दुसरीने दाखवलं, की त्याच तारांतून साठ टक्के जास्त ट्रॅफिक नेता येतं. दोन्हीकडे सूत्र एकच होतं. सगळ्या मागण्या एका जागी गोळा करायच्या, ट्रॅफिकचे प्रकार महत्त्वानुसार लावायचे (माणूस वाट बघतोय ते आधी, रात्रीचा बॅकअप शेवटी), आणि दर काही मिनिटांनी ते गणित पुन्हा सोडवायचं. दुसरीच्या लेखातला एक तपशील मला फार आवडतो. एका वाटपावरून दुसऱ्या वाटपावर जाताना मध्येच गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येक लिंकवर थोडी जागा मोकळी सोडायची. दहा टक्के सोडली, तर जास्तीत जास्त नऊ टप्प्यांत, एकही लिंक न ओसंडता, कुठलाही बदल करता येतो. याची सिद्धता आहे, नुसता अनुभव नव्हे.

म्हणजे यंत्रं जगभर विखुरलेली, पण निर्णय एकवटलेला. तरी अशा प्रणालींचं नाव ‘वितरित’च राहिलं.

आता मुख्य गुंत्याकडे वळतो. तो ‘कन्स्ट्रेंट’, म्हणजे अट, या शब्दाचा आहे. पुस्तकी गणितात अट म्हणजे अट: सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) एक तर सगळ्या अटी पाळणारं उत्तर देतो किंवा उत्तर नाही म्हणून सांगतो. पण रात्री दोन वाजता लिंक तुटली असताना ‘उत्तर नाही’ हे कुणालाच चालत नाही. म्हणून अटी दोन गटांत विभागल्या गेल्या. हार्ड अट मोडायची नाही. सॉफ्ट अट मोडली तर दंड, आणि तो दंड ज्या बेरजेला सॉल्व्हर कमी करू पाहतो तिच्यात मिसळायचा. हे सोयीचं आहे, पण एकदा अटीला किंमत लागली की ती किंमत भरता येते. ती कधी भरली गेली हे कुणी पाहत असेलच असं नाही. दंडाचा आकडा १०० ठेवायचा की १,०००, हे ठरवताना कुणीतरी धोरणच ठरवत असतं, आणि ते फाइलमधल्या एका ओळीत दडून जातं.

कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पाकीट) चालवणाऱ्या, २०१४ पासून खुल्या असलेल्या कुबरनेटिस या सर्वपरिचित प्रणालीत हा गुंता नावातच उतरला आहे. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) कोणत्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, जावा हे सांगणाऱ्या तिच्या कडक नियमाचं नाव आहे ‘रिक्वायर्ड ड्युरिंग शेड्यूलिंग, इग्नोअर्ड ड्युरिंग एक्झिक्युशन’. अर्थ सरळ आहे: जागा देताना अट सक्तीची, चालू झाल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष. नोडचं लेबल नंतर बदललं तरी पॉड तिथेच राहतो. चालू असतानाही सक्ती करणारा प्रकार सुरुवातीपासून योजनेत होता, पण तो आलाच नाही. नियमाबाहेर गेलेले पॉड शोधून काढायला वेगळा प्रकल्प उभा राहिला. पुढे पॉड झोनांमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या विभागांमध्ये) समान पसरवण्याची अट आली, ती २०२० मध्ये स्थिर झाली. तिथेही हाच पर्याय विचारलेला आहे: अट जुळत नसेल तर थांबायचं की तरीही जागा द्यायची. आणि तिथेही तपासणी जागा देण्याच्या क्षणापुरतीच.

मूळ कर्त्यांची बाजू समजते. चालू सेवा उचलून दुसरीकडे टाकणं महाग असतं, आणि नियम सारखा पाळायला लागलो तर अर्पानेटसारखी ये-जा सुरू होईल. तरी मला वाटतं, की त्या रचनेला ‘सक्तीचं’ म्हणणं ही चूक झाली, कारण वाचणारा त्या शब्दावर विश्वास ठेवतो.

याचं आपल्याकडचं उदाहरण पैशांच्या व्यवहारांचं आहे. २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत एका कंपनीचे क्लाउड रीजन (डेटा सेंटरांचे समूह) सुरू झाले, २०१६ आणि २०१७ मध्ये आणखी दोघींनी मुंबईत पाय रोवले. एप्रिल २०१८ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने पेमेंटची सगळी माहिती फक्त भारतात साठवण्याचा आदेश दिला. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. शेड्युलरच्या (काम कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या प्रणालीच्या) भाषेत ही हार्ड अट, आणि लिहायला सोपी: रीजन भारतातला हवा. मग जून २०१९ मध्ये खुलासा आला. प्रक्रिया परदेशात करता येईल, पण तिथली माहिती पुसून एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यांतलं जे आधी संपेल तोवर ती भारतात आणली पाहिजे. आता अट जागेची उरली नाही, वेळेची झाली. जागा देतानाच तपासणारं इंजिन ही अट पाळूच शकत नाही. ज्यांनी २०१८ चा नियम एका लेबलमध्ये बसवला होता त्यांना वेगळी देखरेख बांधावी लागली.

लिहिलेली अट पाळली जातेच असं नाही, ही बाजू जून २०१९ मध्येच अमेरिकेतही उघडी पडली. एका क्लाउड कंपनीच्या देखभालीच्या स्वयंचलित यंत्रणेने नेटवर्क नियंत्रित करणारी कामंच थांबवली, तीही वेगवेगळ्या ठिकाणच्या क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या गटांमध्ये) एकाच वेळी. ती कामं ‘देखभालीत थांबवायला चालेल’ अशी नोंदवलेली होती, आणि दोन ठिकाणं एकत्र बंद करू नयेत ही मर्यादा सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे पाळली गेली नाही. सुमारे चार तास सेवा अडखळल्या.

एआयचा प्रवेश या पार्श्वभूमीवर झाला, आणि तो बहुतेकांना वाटतो त्या दाराने झाला नाही. पहिली मोठी बातमी २०१६ ची, डेटा सेंटर थंड ठेवण्याच्या विजेत चाळीस टक्के बचत. पण नेटवर्क आणि सर्व्हर-वाटपाच्या दृष्टीने महत्त्वाचं पाऊल २०१७ चं. एका कंपनीने व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) किती काळ जगेल, किती प्रोसेसर वापरेल, याचा अंदाज मॉडेलकडून घेऊन शेड्युलरला द्यायला सुरुवात केली. त्या अभ्यासात अंदाजावर आधारलेला नियम एकदा हार्ड आणि एकदा सॉफ्ट, असा दोन्ही तऱ्हांनी तपासला होता. मॉडेलने जागा ठरवली नव्हती, फक्त अटीतला आकडा पुरवला होता.

२०२१ मध्ये मोठं गणित तुकड्यांत फोडून सोडवण्याच्या पद्धती आल्या, कारण नेटवर्क वाढत गेलं तसा सॉल्व्हर मागे पडू लागला. २०२३ मध्ये न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं एआय मॉडेल) थेट मार्गवाटप करू लागलं. १,७०० हून अधिक नोडच्या नेटवर्कवर ते सॉल्व्हरच्या कित्येक पट वेगाने जवळपास तेवढंच चांगलं उत्तर देतं. पण क्षमतेच्या अटी पाळल्या जातील याची खात्री न्यूरल नेटवर्क देऊ शकत नाही. म्हणून त्याच्या उत्तरावर जुन्या धाटणीच्या ऑप्टिमायझेशनचे काही फेरे चालवून मोडलेल्या अटी दुरुस्त केल्या जातात. मला ही रचना योग्य वाटते. सुचवणारा कुणीही असो, तपासणारा वेगळा आणि साधा असावा.

निर्णयामुळेच आकडा बदलण्याचा अर्पानेटमधला प्रश्न मात्र तसाच उभा आहे. मॉडेल ज्या ट्रॅफिकवरून शिकतं ते त्याच्याच आधीच्या निर्णयांनी घडवलेलं असतं. अंदाज जितका खात्रीचा वाटू लागतो तितकं लिंकवरची मोकळी जागा कमी करण्याचं दडपण वाढतं, आणि समुद्राखाली तुटणाऱ्या केबलचा अंदाज कालच्या ट्रॅफिकमध्ये नसतो. जेद्दाजवळ तुटलेल्या केबलवरचं ट्रॅफिक दुसऱ्या मार्गांनी गेलं, कारण त्या मार्गांवर तेव्हा जागा शिल्लक होती.