हृदयातला स्टेंट वेगळा, महाधमनीतला स्टेंट-ग्राफ्ट वेगळा

"आमच्या पाव्हण्यांना दोन स्टेंट टाकले, तिसऱ्या दिवशी घरात. ह्या पोराची छाती कशाला फाडताय?" कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासमोर चहाच्या गाड्यावर असला सल्ला फुकट मिळतो. पाव्हण्यांचं खरं आहे, पण त्यांचा आजारच वेगळा. त्यांची वाहिनी अरुंद झालेली, ह्या पोराची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली.

हृदयातला स्टेंट म्हणजे तीनेक मिलिमीटर रुंदीची धातूची जाळी. चरबीनं अरुंद झालेली रक्तवाहिनी ती आतून रेटून उघडी ठेवते. काम इतकंच.

स्टेंट-ग्राफ्ट लागतो तो वाहिनी फुगल्यावर. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटरची. साडेपाचच्या घरात गेली की फुटायची धास्ती. मग धातूच्या कड्यांवर पॉलिएस्टरचं कापड चढवलेली नळी जांघेतून आत सरकवतात. रक्त कापडातून वाहतं, फुगा बाजूला पडतो. ब्युनोस आयर्सच्या हुआन परोदींनी 1990 मध्ये हे करून दाखवलं.

पण टाका न घालता नळी जागेवर थांबते कशी? फुग्याच्या वर-खाली धडधाकट भाग लागतो. नळी त्या भागापेक्षा 10-20 टक्के मोठी घेतात, म्हणजे ती भिंतीला कायम दाबून धरते. मार्फन सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीरातल्या ऊती जन्मतःच कच्च्या असण्याच्या आनुवंशिक आजारात, गोची होते ती इथंच. वाहिनीच्या भिंतीला बळकटी देणारं फायब्रिलिन हे प्रथिन सदोष, त्यामुळं चांगला दिसणारा भागही कच्चाच. पोकळ भिंतीत खिळा ठोकल्यातला प्रकार. काही वर्षांत तो भाग रुंदावतो, कडेनं रक्त पुन्हा फुग्यात झिरपतं. कधी नळीच्या टोकाशीच भिंत चिरते. म्हणून विशी-तिशीतल्या मार्फन रुग्णाला सर्जन शक्यतो उघडी शस्त्रक्रियाच सुचवतात, आणि ते माझ्या मते बरोबरच आहे. अपवाद आहेत: फुगा फुटून जीवावर बेतलं असेल, किंवा आधीच्या ऑपरेशनात शिवलेलं कापड नळीला धरायला मिळत असेल तर.

रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅनलॉस, हा असाच दुसरा आनुवंशिक आजार, त्याहून अवघड. तिथं जांघेत कॅथेटर (बारीक नळी) घालतानाही वाहिनी फाटू शकते आणि उघड्या ऑपरेशनात टाकेही धरत नाहीत.

आपल्याकडं उंच पोरगं दिसलं की तालमीत घालायची घाई. उंची, लांबसडक बोटं आणि डोळ्यातलं भिंग सरकलेलं, असं एकत्र दिसलं तर मार्फनची शंका घ्या आणि आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा. जोर मारताना, वजन उचलताना रक्तदाब एकदम चढतो आणि कच्च्या महाधमनीवर ताण येतो. आई किंवा वडिलांना मार्फन असेल तर प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता 50 टक्के, तेव्हा भावंडांनाही तपासून घ्या.