पार्श्वभूमी: लिव्हाइज, बंदूक आणि 'विनंती' या शब्दाचा घोळ

सप्टेंबर २०१८ मध्ये लिव्हाइजने बंदुकीच्या हिंसाचाराविरोधात उघड भूमिका घेतली आणि अमेरिकेतल्या ग्राहकांत सरळ दोन तट पडले. एका तटाने ही जीन्स पुन्हा घेणार नाही असं जाहीर केलं, दुसऱ्याने कंपनीची पाठ थोपटली. त्या वादाची बातमी बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्याचं मूळ दोन वर्षं आधीच्या एका ट्रायल रूममध्ये होतं.

२०१६ मध्ये कंपनीच्या एका दुकानात जीन्स घालून पाहताना एका ग्राहकाच्या बंदुकीतून गोळी सुटली आणि तो स्वतःच जखमी झाला. त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगण्याचा हक्क त्याला होता. कपडे बदलण्याची जागा कमरेला पिस्तूल लावणाऱ्यासाठी एरवीही अडचणीचीच. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, पट्ट्याच्या आधाराने उभं राहतं. पट्टा सैल झाला की भरलेल्या मध्यम पिस्तुलाचं आठ-साडेआठशे ग्रॅम वजन त्याला कलंडवतं. आजची बहुतेक पिस्तुलं नुसती जमिनीवर पडल्याने उडत नाहीत. पण पडताना दिसलं की हात आपोआप पुढे जातो आणि बोट नेमकं चापावर पडतं. म्हणून प्रशिक्षक बजावतात, की पडत असेल तर पडू द्या, आणि पट्टा सोडण्याआधी पिस्तूल होल्स्टरसकट काढून ठेवा.

३० नोव्हेंबर २०१६ रोजी कंपनीच्या तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने खुलं पत्र प्रसिद्ध केलं. हा माणूस स्वतः अमेरिकी लष्करात अधिकारी होता. पॅरिस, नीस आणि ऑरलँडोमध्ये कंपनीची दुकानं, युरोपचं मुख्यालय ब्रुसेल्सला; त्या वर्ष-दीड वर्षातल्या दहशतवादी हल्ल्यांमुळे ही सगळी शहरं त्याच्या डोळ्यांसमोर होती. कायदा परवानगी देत असला तरी आमच्या दुकानांत, कार्यालयांत बंदूक आणू नका, अशी विनंती त्याने केली. पोलिसांना त्यातून वगळलं होतं.

'विनंती' हा शब्द इथे फार महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत जास्त चुकीचा वाचला गेला. अमेरिकेत दुकानदाराची विनंती आणि दुकानदाराची बंदी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेक्सासचं उदाहरण घ्या. तिथे १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला हँडगन उघडपणे कमरेला लावून फिरता येऊ लागलं. तेव्हाच्या नियमांनुसार अशा परवानाधारकाला पाटीने अडवायचं तर एक नव्हे, दोन पाट्या लागत: लपवून बाळगलेल्या बंदुकीसाठी कलम ३०.०६ ची, उघड बाळगलेल्या बंदुकीसाठी ३०.०७ ची. मजकूर कायद्यात ठरवून दिलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. अक्षरं किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीहून उठून दिसणाऱ्या रंगाची. पाटी ओलांडली तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही माणूस गेला नाही तर गुन्हा बराच गंभीर. इतर कित्येक राज्यांत पाटीला असं वजन नाही; बाहेर जा म्हटल्यावरही थांबला तरच तो अतिक्रमणाचा गुन्हा.

आणि ते 'बाहेर जा' म्हणायचं कोणी? गल्ल्यावरच्या विशीतल्या मुलाने, समोरच्याच्या कमरेला पिस्तूल असताना. स्टारबक्सने २०१३ मध्ये असंच आवाहन करताना हेच कारण दिलं होतं: बंदी घातली तर आमच्या कर्मचाऱ्यांना सशस्त्र ग्राहकासमोर उभं राहावं लागेल. त्यामुळे 'विनंती' ही पळवाट होती, हा आरोप मला पटत नाही. नोकरांना त्या प्रसंगातून वाचवायचं तर दुसरा शब्दच नव्हता.

तरीही अनेक मथळ्यांनी आणि बंदूक समर्थकांनी ती 'बंदी' म्हणूनच वाचली. दुकानांना, धंद्याला, अगदी जिवालाही धमक्या आल्या, असं त्या अधिकाऱ्याने पुढे स्वतः लिहिलं.

फेब्रुवारी २०१८ मधल्या पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर वातावरण पालटलं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये लिव्हाइजने चार वर्षांत बंदुकीचा हिंसाचार रोखण्याच्या कामासाठी १० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निधी जाहीर केला, बंदूक-सुरक्षेसाठी उद्योजकांच्या गटात सामील झाली, आणि महिन्याला मिळणारे स्वयंसेवेचे पाच पगारी तास राजकीय कामासाठीही वापरा असं कर्मचाऱ्यांना सुचवलं. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी घटनेतली दुसरी दुरुस्ती रद्द करा, असं आपण म्हणत नाही, हेही स्पष्ट केलं. बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने कडाडून टीका केली. कंपनीला हा अनुभव नवा नव्हता. समलिंगींना वगळणाऱ्या बालवीर संघटनेची मदत १९९२ मध्ये थांबवल्यावरही तिच्यावर बहिष्काराची हाक आली होती.

विक्रीवर काय परिणाम झाला? २०१८ च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री १४ टक्के वाढून सुमारे ५.६ अब्ज डॉलर झाली आणि मार्च २०१९ मध्ये १७ डॉलर दराने समभाग पुन्हा बाजारात आले. समर्थक हे आकडे बहिष्कार फसल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. तो पुरावा कच्चा आहे. सप्टेंबरमधली घोषणा वर्ष संपायला तीन महिनेही उरले नसताना झाली, आणि विक्रीचा जवळपास निम्मा भाग अमेरिका खंडांबाहेरून येतो.

शिवाय तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश माल कंपनीच्या स्वतःच्या दुकानांतून नव्हे, तर इतर दुकानदारांमार्फत विकला जात होता. तिथे रागावलेला ग्राहक परत फिरला तर आधी घटतो तो दुकानदाराचा गल्ला, आणि कंपनीच्या हिशेबात ते पुढच्या हंगामाच्या मागणीपर्यंत दिसत नाही. अशा दुकानदारांपैकीच एक वॉलमार्ट; कंपनीची स्वस्त 'सिग्नेचर' जीन्स २००३ पासून तिथे मिळते. त्या साखळीच्या कित्येक दुकानांत शिकारीच्या रायफलींचा काउंटरही असतो.