घरातली जुनी रायफल: ओळख, नोंद आणि वारसा परवाना, ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांसाठी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत, विशेषतः ज्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या फौजेत किंवा दरबारात होते तिथे, माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी रायफल निघाली तर नवल वाटत नाही. दसऱ्याला ती बाहेर येते, तिला हळद-कुंकू लागतं, आणि पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली जाते. आजोबा गेले, वडील गेले, आणि आता ती कुठली, कोणत्या बोअरची (म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाची), परवान्यावर चढलेली होती की नव्हती, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. अशा घरांनी काय करायचं, ते इथे सांगतो.

कायद्याची बाजू आधी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही आणि काडतुसंही बाळगता येत नाहीत. "खानदानी आहे, आम्ही चालवत नाही" हे उत्तर चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीसाठी किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. प्रतिबंधित शस्त्र ठरलं तर ७ ते १४ वर्षं. म्हणून कागदांची जमवाजमव होईपर्यंत रायफल घरातच राहू द्यायची, हा विचार सोडा.

परवानाधारक वारला की त्याच्या परवान्यावर घरच्यांना शस्त्र ठेवता येत नाही. अशा वेळी विनाकारण उशीर न करता ते जवळच्या थान्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं, असं कलम २१ सांगतं. त्याच कलमाने मृताच्या कायदेशीर वारसाला ठरावीक मुदतीत ते परत मिळवण्याचा किंवा अधिकृत व्यक्तीला विकण्याचा हक्कही दिला आहे. जमा केलं म्हणजे गेलं, अशी धास्ती अनेक घरांत असते आणि त्यापायी वर्षानुवर्षं उशीर होतो. हक्क शाबूत राहतो तो जमा केल्यानेच. रायफल उचलून स्कूटरवरून थान्यात नेऊ नका. आधी फोटोंसह लेखी अर्ज द्या, सापडलेली काडतुसं मोजून त्यात लिहा, आणि पोलीस सांगतील त्या पद्धतीने ती सोपवा. पावतीवर नंबर, बोअर आणि खुणा लिहून घ्या. जुनी काडतुसं चालवून बघायची नाहीत.

ओळख पटवायला निघालेले लोक सगळ्यात आधी पॉलिश पेपर हातात घेतात. तेच करायचं नाही. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं हा गुन्हा आहे, आणि खूण खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. कोरीव अक्षरांत वर्षानुवर्षांचं कुंकू आणि तेल घट्ट बसलेलं असतं. मऊ कापड आणि थोडं तेल, एवढंच. हात लावण्याआधी ती भरलेलीच आहे असं समजा. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता भाग) उघडून नळी तपासायचं काम पोलीस लाइनच्या आर्मोररला, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याला, किंवा परवानाधारक कारागिराला करू द्या.

खुणा अशा वाचा. बोल्टच्या मागे, दस्ता (खांद्याला लावायचा लाकडी भाग) सुरू होतो तिथल्या लोखंडी कड्याच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल दिसलं, तर ती बहुधा ली-एनफिल्ड, ब्रिटिश फौजेची बोल्टची रायफल. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १९०१ पर्यंतचा. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. पुढे जी.आर. ईशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीवर ईशापूर हे नाव आणि जी.आर.आय. अशी अक्षरं मिळतात. बोल्टच नाही आणि घोड्याखाली लांब लोखंडी दांडा आहे, तर मार्टिनी-हेन्री असू शकते. ब्रिटिश फौजेने ती १८७१ मध्ये घेतली. मागचं झाकण उजवीकडे उलटत असेल तर स्नायडर, १८६६ ची. आणि मागून उघडायची सोयच नाही आणि नळीखाली गज आहे, तर ती बहुधा ठासणीची बंदूक. नुसता गज पुरावा नव्हे, तो मार्टिनी आणि स्नायडरलाही असतो.

शिकारी रायफलींची गोष्ट वेगळी. नळीवर कोलकात्याच्या मँटन किंवा रॉडा या दुकानांचं नाव असलं म्हणून ती तिथे बनली असं होत नाही. माल पुष्कळदा विलायतेत बनायचा आणि नाव विकणाऱ्याचं पडायचं. खरा पत्ता नळीच्या बुडाशी असलेल्या चाचणीच्या बारीक शिक्क्यांत मिळतो. मुकुटाखाली बी.पी. आणि बी.व्ही. म्हणजे बर्मिंगहॅम, अंडाकृती चौकटीत ई.एल.जी. म्हणजे बेल्जियमचं लिएज. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली आणि विलायती कारखान्यांनी .४६५, .४७० असे नवे बोअर पुढे आणले. त्यामुळे बोअरवरूनही काळाचा अंदाज लागतो. अक्षरं वेडीवाकडी किंवा उलटी असतील तर ती देशी कारागिराने केलेली नक्कल असण्याचा संभव मोठा.

परवान्याच्या दृष्टीने बोअर निर्णायक आहे. .३०३ आणि ७.६२ मि.मी.ची लष्करी काडतुसं चालवू शकणाऱ्या रायफली, तसंच .४१० मस्केट (गुळगुळीत नळीची बंदूक), या वेगळ्या, कडक श्रेणीत येतात. त्यांचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि सामान्य माणसाला तो अनुकूल मिळणं अवघड. .३१५ सारख्या बिगर-प्रतिबंधित बोअरचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत जातो. दस्त्यावर फौजेचा किंवा संस्थानाचा शिक्का असेल तर ती घरात कशी आली हा प्रश्न विचारला जाणारच. बक्षिसाची सनद, जुना पत्रव्यवहार, जे असेल ते जपून ठेवा.

आता जुनी नोंद. शस्त्र शाखेत आणि पूर्वज राहत होते त्या थान्यात त्यांच्या नावाने अर्ज करून परवान्याचा तपशील मागा. आजचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि संस्थान त्याआधीच, १९४८ मध्ये, मध्य भारतात विलीन झालं होतं. त्याआधीचा परवाना आजच्या कायद्याखालचा नसणार. म्हणून पूर्वजांचं पूर्ण नाव, पदवी आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याचा त्या वेळचा पत्ता द्या, नुसत्या आडनावावर शोध लागत नाही.

नोंद सापडली तर वाट सोपी. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे: परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मिळू शकतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून, तो वारस नेमू शकतो. मुलगा-मुलगीच नव्हे, सून-जावईही यात येतात. अर्जदार २१ वर्षांचा हवा, आणि २०१९ पासून वारसा धरूनही एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात. थोरल्याकडे आधीच दोन असतील तर बहिणीच्या नावाने अर्ज करा.

नोंद सापडली नाही तर वारसाची ही सवलत लागू होत नाही, कारण परवानाधारकच नव्हता. मग सबळ कारण दाखवून नव्याने अर्ज करावा लागतो. अशा वेळी थान्यात जाण्याआधी वकील गाठा आणि रायफल कधी, कुठे, कोणासमोर सापडली ते शपथपत्रावर घ्या. स्वतःहून दिलेला तारखेचा अर्ज पुढे फार उपयोगी पडतो.

कागद: ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारीख, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, मृत्यू प्रमाणपत्र, मूळ परवाना किंवा त्याची प्रत, जमा केल्याची पावती, बाकीच्या वारसांची एनओसी, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि मानसिक व शारीरिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागतात. सर्वांत जास्त अडतं ते एनओसीवर. पुण्या-इंदुरात गेलेल्या भावंडांच्या सह्या आधी गोळा करा. यानंतर पोलीस अहवाल होतो. परवाना मिळाला की त्याची राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद होऊन युनिक नंबर पडतो, मुदत ५ वर्षं. नाकारला तर कारणं लेखी मागा. कलम १८ खाली अपील करता येतं.

"शंभर वर्षांची आहे, परवाना कशाला?" असं पुष्कळ जण विचारतात. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालवता येणार नाही तेव्हाच. गंजलेली मार्टिनी कारागिराच्या हातून चालू होत असेल तर ती सुटत नाही. हा निवाडा घरी करू नका, आर्मोररची तपासणी लेखी मागा. सूट मिळवण्यासाठी नळी कापणं किंवा भोक पाडणं तर अजिबात नाही. आणि शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष कायदा १९७२ खाली येऊ शकते, त्यामुळे परदेशातल्या मुलाकडे ती आठवण म्हणून पाठवण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या.