वणवा (विदर्भ) आणि वणवा सोसणारी गावं

वणवा म्हणजे जंगलाला लागलेली आणि कोणाच्या ताब्यात न राहिलेली आग. पुस्तकात शब्द वणवा असला तरी विदर्भात माणूस बोलताना "जंगल लागलं" किंवा "जंगल जळून राह्यलं" असंच म्हणतो, मेळघाटाकडे अंगार म्हणतात, आणि वऱ्हाडातल्या जुन्या बाया आगीला अजूनही इस्तो म्हणतात. ही नोंद जंगलकाठच्या गावांची आहे, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरचा पेंचकडचा पट्टा, यवतमाळचा थोडा भाग आणि अमरावतीचा मेळघाट.

आता वणवा म्हटलं की लोकांना मोबाईलवर पाह्यलेले व्हिडिओ आठवतात. कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज नावाचं गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये एका दिवसात जळालं आणि ८५ माणसं गेली, ऑस्ट्रेलियात २०१९-२० चा पूर्ण उन्हाळा जंगलं जळत होती, हवाईतलं लाहायना ऑगस्ट २०२३ मध्ये राख झालं, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या. तिकडची आग झाडांच्या शेंड्यावरून पळते आणि वाऱ्याबरोबर घरात घुसते. आपल्याकडची आग बहुतेक वेळा जमिनीवरून चालते, गुडघ्याएवढी, फार झालं तर कमरेएवढी, पालापाचोळा आणि वाळलं गवत खात खात पुढे जाते, मोठी झाडं काळी पडून उभीच राहतात आणि गाव सहसा वाचतं. गाव वाचलं म्हणून बातमी होत नाही, बातमी नाही म्हणून कोणी मदत घेऊन येत नाही, आणि जंगलावर पोट असलेल्या माणसाची वर्षाची अर्धी कमाई तिकडे जळून गेलेली असते ते कोणाला दिसतच नाही.

मोसम आणि जळण

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. इथलं जंगल शुष्क पानझडी आहे, साग, ऐन, धावडा, बिजा, सालई, तेंदू, मोह, पळस आणि बांबू. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाचं पान गळतं, ते पापडासारखं कडक होऊन खाली साचतं, पायाखाली आलं तर आवाजानेच सांबर पळून जाते. त्यात रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळस सगळीकडे माजलेली, ती वाळली की रॉकेल टाकल्यासारखी पेटते. बांबूला फुलोरा आला की रांजीच्या रांजी (बांबूची बेटं) एकदम मरतात आणि पुढची दोन-तीन वर्षं वाळलेलं बांबूचं जंगल नुसतं ठिणगीची वाट पाहत उभं असतं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी वारा सुटतो, आणि मग जे व्हायचं ते होते.

आग लागते काऊन?

विजेने किंवा आपोआप लागलेली आग इकडे फार कमी, जवळजवळ सगळ्या आगी माणसाच्याच हातच्या आहेत. पण "गाववाल्यांनी लावली" एवढं बोलून विषय संपवणारे लोकं मोह वेचायला कधी गेलेले नसतात.

मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पहाटे गळतं. पिवळसर, रसरशीत, बोराएवढं. झाडाखाली पानांचा थर असला की ते आत घुसतं, दिसत नाही, आणि दिसलं तरी एक एक काढायला वेळ लागतो. ऊन चढायच्या आत टोपली भरली पाहिजे कारण उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं खाऊन जातात आणि फूल मऊ पडून खराबही होते. म्हणून बाया आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला झाडून ढीग करतात आणि पेटवून देतात. खाली काळी स्वच्छ जमीन, त्यावर सकाळी पिवळं फूल, लांबून दिसते. वाघाच्या भागात तर आणखी एक कारण, पाला जळाला की आजूबाजूचं मोकळं दिसते आणि वाकून वेचणाऱ्या बाईला मागून काय येते ते कळते. ताडोबाच्या आजूबाजूला मोह वेचताना माणसं मेली आहेत, त्यामुळे ही भीती काही उगाच नाही. आता या ढिगातली एखादी आग नीट विझत नाही, घरी जायची घाई असते, रात्री वारा येतो, आणि सकाळी शेजारच्या कंपार्टमेंटमधून (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यातून) धूर निघत असतो.

दुसरं कारण तेंदूपत्ता. एप्रिल-मेमध्ये फळीवर (म्हणजे संकलन केंद्रावर) पानांचे पुडके जातात, घरातला प्रत्येक माणूस पहाटेपासून पानं तोडतो आणि बसून पुडके बांधतो, आणि कोवळं, एकसारखं, मोठं पान पाहिजे असेल तर आधी झुडपं छाटावी लागतात, त्याला खुटकटाई म्हणतात. छाटायचं सोडून जंगल जाळलं तरी नवी फूट येते आणि मेहनत वाचते, म्हणून जाळतात. कधी गावचे लोकं जाळतात, कधी ज्याला लवकर माल पाहिजे त्याचा माणूस येऊन काडी लावून जातो, आणि नाव मात्र गावाचंच होते.

तिसरं धुरे (शेताचे बांध) जाळणं. गहू निघाला, पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटली, तुराट्या ढिगाला लागल्या की शेतकरी धुऱ्यावरचं गवत आणि काडीकचरा पेटवतो, शेताला लागूनच जंगल असलं की आग धुरा ओलांडते. गुराखी नवं गवत यावं म्हणून लावतात. बाकी बिडी, सहलीला आलेल्यांची चूल, विजेच्या तारांची ठिणगी, आणि काही वेळा निव्वळ खोडसाळपणा.

विझवणं

पावसाळा संपला की वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून, मग तेच मुद्दाम जाळून मोकळी पट्टी करायची, आग तिथे येऊन थांबावी म्हणून. जाळरेषा वेळेवर निघाली तर अर्धं काम झालं समजा. हंगामात रोजंदारीवर फायर वॉचर घेतात, ते जवळच्याच गावचे पोट्टे असतात.

आगीचा पत्ता आता वरून लागतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून तापलेले ठिपके पकडते आणि त्याचा मेसेज बीटच्या गार्डपर्यंत, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकापर्यंत, मोबाईलवर येतो. जुन्या मोडिस सेन्सरचा ठिपका १ किलोमीटरचा होता, नंतरच्या व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा, म्हणजे जागा बऱ्यापैकी नेमकी कळते. पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच पाहील, आणि मेसेज आला तरी तिथवर पायीच जायचं आहे, टॉवर नसला तर मेसेज गार्ड गावात परतल्यावर वाजतो.

पाणी नेणं डोंगरात शक्य नसते, म्हणून हत्यारं साधी आहेत. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपायची, लोखंडी दाताळ्याने पाला ओढून पट्टी करायची, आणि अलीकडे पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, तो पाला उडवून वाट मोकळी करतो, एक ब्लोअर दहा माणसांचं काम करतो म्हणतात ते काही खोटं नाही. आग मोठी असेल तर समोरून काउंटर फायर, म्हणजे येणाऱ्या आगीपुढचं जळण संपावं म्हणून उलटी आग लावतात, पण वाऱ्याचा अंदाज चुकला तर लावणाराच मधात सापडतो. काम जास्त करून संध्याकाळनंतर आणि पहाटे करतात, हवा थंड असते आणि ज्वाळा बसलेल्या असतात. डोंगरउतारावर आग वरच्या बाजूला पळते, त्यामुळे आगीच्या वर उभं राहायचं नाही हे प्रत्येक जुना वॉचर नव्याला पहिल्या दिवशी सांगतो.

८ एप्रिल २०२१ ला गोंदियाकडच्या नागझिरा अभयारण्यात आग विझवताना ३ हंगामी मजूर जळून मेले, आणखी काही जखमी झाले. वाऱ्याने आग फिरली आणि ते मधात अडकले. हे लोकं काही फायर ब्रिगेडचे नव्हते, अंगावर साधे कपडे, कामाला रोजी. विदर्भातल्या वणव्याबद्दल बोलताना जंगल किती हेक्टर जळालं हे सगळे विचारतात, विझवणाऱ्याच्या पायात बूट होते का हे कोणी विचारत नाही.

काय काय जळते

मोहफूल तर जातेच, पुढे जून-जुलैला येणारी मोहाची टोळ (बी) जाते, तिच्यातून तेल काढतात. चारोळी, डिंक, मध, हिरडा, बेहडा. मधाचं पोळं धुरानेच रिकामं होते. सगळ्यात मोठा मार चाऱ्याला. मेच्या शेवटी घरचं कुटार (भुसा), तणीस (धानाचा पेंढा) संपत आलेलं असते, गुरं जंगलातल्या वाळल्या गवतावर असतात, आणि तेच जळालं तर पहिला पाऊस पडून हिरवं यायला महिना-दीड महिना लागतो. त्या महिन्यात गुरं विकली जातात, आणि बाजारात सगळेच विकायला आले की भाव पडतो. रोपं जळाल्यामुळे पुढचं जंगल उगवत नाही ते वेगळंच, साग आणि पळस आगीतून परत फुटतात, बाकीच्या झाडांच्या कोवळ्या रोपांना तो दम नसतो. जंगलातलं पाणी आणि आडोसा गेला की रानडुकरं, चितळं, आणि त्यांच्या मागे बिबट्या गावच्या तळ्यावर यायला लागतो.

कधी कधी आग गावातही येते, पण घरापेक्षा आधी गावाबाहेरची तणसाची गंजी, कोठा (गोठा), आणि बांधून ठेवलेली जनावरं सापडतात. आमच्या मोठ्या बाबांची गंजी अशीच गेली होती, झुडपी जंगलातून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून सरळ गंजीवर. साहेब पंचनाम्याला आले तिसऱ्या दिवशी, आणि तणीस कोणत्या रकान्यात लिहायची यावरच दोन तास गेले. शेवटी "इतर" मध्ये लिहिली. त्या इतरचं पुढे काही आलं नाही.

कायदा

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० लागते. त्याच १९२७ च्या कायद्यात कलम ७९ आहे, ज्याला जंगलात हक्क आहे किंवा जो तिथून चराई, लाकूडफाटा घेतो त्याने आगीची खबर द्यायची आणि विझवायला मदत करायची, नाही केली तर शिक्षा. म्हणजे गावकऱ्यावर एकीकडून संशय आणि दुसरीकडून सक्ती. चौकशीला बोलावतात तेही तेच, आणि रात्री अकराला ट्रॅक्टरमध्ये बसवून विझवायला नेतात तेही तेच.

वनहक्क कायदा २००६ ने यात फरक पडला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी, सुमारे १८०० हेक्टर जंगल त्यांच्या ग्रामसभेकडे आलं. जंगल आपलं म्हटलं की राखण आपोआप येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात, त्याबदल्यात त्यांनी बांबूवर भर दिला. तेंदूचे हातात येणारे नगद पैसे सोडणं काय असते हे मे महिन्यात ज्याच्या घरी लग्न आहे त्याला विचारा.

मदत

सरकारी मदतीत आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत येते. माणूस गेला तर ४ लाख रुपये, २०२२ नंतरच्या निकषांप्रमाणे दुधाळ गाय-म्हैस मेली तर ३७,५०० आणि बैलाला ३२,००० असे दर आहेत. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा पाहिजे आणि मेलेल्या जनावराचा पशुवैद्यकाचा दाखला पाहिजे, म्हणून जनावर पुरायची घाई करू नये, आधी फोटो काढावे. हे सगळं घर, माणूस, जनावरापुरतं. जंगलात जळालेल्या मोहफुलाचा सातबारा नसतो, त्याचा पंचनामा कोण करणार.

खरी मदत गावागावात होते आणि तिला काही नाव नाही. ज्याची गंजी जळाली त्याच्याकडे दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचे एक एक बंडी (बैलगाडी) कुटार किंवा तणीस आणून टाकतात, मागावं लागत नाही, हिशोब ठेवत नाहीत पण लक्षात सगळ्यांच्या असते. कोठा जळाला तर बांबू कोणीतरी देतो, मजुरी कोणी घेत नाही. विझवायला गेलेल्यांसाठी बाया पाणी, भाकरी आणि चटणी घेऊन जंगलाच्या तोंडापर्यंत जातात.

बाहेरून मदत आणणाऱ्यांचं मन चांगलं असते पण जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे आणतात, तेवढं इकडे नको असते. मे महिन्यात पाहिजे तो चारा, गुरांच्या टाक्यात पाणी, वॉचरांना बूट, हेडटॉर्च आणि पाण्याच्या कॅन, आणि भाजलेल्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला गाडी. रोजंदारीवाल्याचा पगार हंगाम सुरू असतानाच मिळाला तरी फार झालं, जूनमध्ये बियाणं घ्यायच्या वेळी तो मागत फिरतो.

आणि एक मदत आग लागायच्या आधीची, मोहाखाली अंथरायची जाळी. झाडाखाली चार कोपरे बांधून जाळी ताणली की फूल त्यात पडते, माती लागत नाही, पाला जाळायची गरजच राहत नाही, आणि स्वच्छ फुलाला भावही जास्त. काही ठिकाणी अशा जाळ्या वाटल्या जातात, काही बाया जुनी साडी किंवा मच्छरदाणी वापरतात. अडचण एकच, एका घराची मोहाची झाडं पाच-दहा असतात आणि वाटपात जाळी येते एक. मग एका झाडाखाली जाळी आणि बाकीच्यांखाली काडी.