तुकडा कोणाचा, पेपर कोणाचा?

कोल्हापुरात शौचातून रक्त पडू लागलं की पहिलं निदान घरातच होतं: मूळव्याध. दुसरं शेजारी करतात: तांबडा रस्सा आणि मिसळीची तर्री अंगाशी आली. मग ताक, इसबगोल, कुणीतरी आणून दिलेला काढा यात महिने निघून जातात. तोवर वजन उतरतं, पोटात मुरडा येतो, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं. शेवटी एखादे डॉक्टर दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांगतात, आणि तिथे 'आयबीडी' ही अक्षरं पहिल्यांदा कानावर पडतात.

आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि बहुधा आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधला भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा दिसतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. त्यामागे जनुकं, आतड्यातले जिवाणू आणि राहणीमान यांचा गुंता आहे. तिखटानं त्रास वाढू शकतो, पण तिखटामुळे हा आजार जडतो याला पुरावा नाही. आणि हा फक्त गोऱ्या लोकांचा आजार, हा समजही जुना झाला. लुधियानात घरोघरी जाऊन केलेली पाहणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता.

दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टर आतड्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो खराब होऊ नये म्हणून फॉर्मालिन या द्रावणाच्या छोट्या बाटलीत पडतो. सिस्टर बाटलीवर रुग्णाचं नाव, वय, केसपेपरचा नंबर आणि तुकडा कुठला ते लिहितात. निवासी डॉक्टर सोबतचा फॉर्म भरतात: ताप किती दिवस, वजन किती उतरलं, घरात कुणाला टीबी झाला होता का. लॅबमधले टेक्निशियन तो तुकडा मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. पुढे या रुग्णांवर एखादा शोधनिबंध निघाला, म्हणजे आपल्या बोलीत पेपर छापून आला, तर त्यावर यातल्या कोणाकोणाची नावं असावीत? हा मानापमानाचा वाद आहे असं वरवर वाटतं. मला तसं वाटत नाही. आयबीडीच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर पेपरावरच्या नावांनी रुग्णांचंही बरंवाईट केलेलं आहे.

हा तुकडा वाचणं आपल्याकडे जास्त अवघड आहे, कारण आतड्याचा टीबी. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं ती जागा टीबीला जशी आवडते तशीच क्रोन्सलाही. दोन्हींत व्रण पडतात, आतडं अरुंद होतं, वजन घटतं. तुकड्यात दोन्हींमध्ये ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे पुंजके दिसू शकतात. टीबीच्या पुंजक्याचा मधला भाग मरून चीजसारखा झालेला असतो, क्रोन्समध्ये सहसा तसं होत नाही. पण एवढ्याशा तुकड्यात तो नेमका भाग आलाच नाही तर? क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो उफाळून येतो. म्हणून कित्येकदा डॉक्टर आधी टीबीची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात. युरोपातली पुस्तकं इथे पुरी पडत नाहीत. इथल्या रुग्णांवरचं, इथल्या डॉक्टरांनी केलेलं कामच उपयोगी पडतं.

आता 1932 मधल्या न्यूयॉर्कला जाऊ. माउंट सायनाय रुग्णालयातल्या 14 रुग्णांवरचा एक पेपर त्या वर्षी प्रसिद्ध झाला. लेखक तीन: बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर. नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेली, म्हणून क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचं नाव चिकटलं. खरं तर त्यातले बहुतेक रुग्ण गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी अभ्यासलेले होते. आणि या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन ए. ए. बर्ग यांचं नाव लेखकांत नाहीच. जो पेपर आपण लिहिला नाही त्यावर नाव नको, असं त्यांनी सांगितल्याची हकिकत आहे. त्यांनी होकार दिला असता, तर त्याच वर्णानुक्रमानं आज जगभरचे रुग्ण 'बर्ग्स डिसीज'ची औषधं घेत असते. आपल्या नावानं आजार ओळखला जावा असा क्रोन यांचाही आग्रह नव्हता.

त्याही आधी, 1913 मध्ये, ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझिल यांनी अशाच रुग्णांचं वर्णन छापलं होतं. या आतड्यांचं रूप गुरांच्या आतड्याला होणाऱ्या जोन्स रोगात दिसतं तसंच आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. हा रोग 1895 मध्ये जर्मनीत योने आणि फ्रॉदिंगहॅम या दोघांनी मिळून वर्णिला. नाव मात्र एकट्या योने यांचं राहिलं, इंग्रजी उच्चारात त्याचंच 'जोन्स' झालं.

गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना हा धागा जवळचा वाटेल. जोन्स रोगाचे जिवाणू आजारी गायी-म्हशींच्या दुधात उतरू शकतात, आणि क्रोन्सच्या काही रुग्णांच्या आतड्यातही ते सापडले आहेत. मग तेच कारण का? ऑस्ट्रेलियात 213 रुग्णांना या जिवाणूंवरची औषधं किंवा नुसत्या नकली गोळ्या दोन वर्षं देऊन पाहिलं. 2007 मध्ये निष्कर्ष आला: टिकाऊ फायदा नाही. तेव्हा आज तरी दुधानं क्रोन्स होतो असं म्हणता येत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेल्ला हा ताप आणणारा जिवाणू आणि गुरांचा टीबी येऊ शकतो हे मात्र पक्कं आहे, म्हणून घरी दूध उकळूनच प्यावं.

बर्ग यांनी नाव दिलं नाही. याच्या नेमकं उलट उदाहरणही आतड्याच्याच संशोधनातलं आहे, आणि ते फार महागात पडलं. फेब्रुवारी 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर आला. रुग्ण होती 12 मुलं आणि लेखक 13. मुलांच्या आतड्यातली सूज, स्वमग्नता आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस यांचा संबंध असावा असं त्यातून सुचवलं गेलं. ब्रिटनमध्ये पालक घाबरले. या लसीचं प्रमाण 92 टक्क्यांवरून काही वर्षांत 80 टक्क्यांपर्यंत घसरलं आणि गोवर परतला. 2004 मध्ये 13 पैकी 10 लेखकांनी त्या अर्थाशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. 2010 मध्ये 'लॅन्सेट'नं पेपरच मागे घेतला. नंतरच्या तपासात काही मुलांच्या तुकड्यांचे रुग्णालयातले मूळ अहवाल आणि पेपरातलं वर्णन जुळत नसल्याचं पुढे आलं.

मी इथे अडखळतो. तुकडे बघणारे, मुलांना तपासणारे, रक्त तपासणारे असे सगळे लेखकांच्या यादीत होते. प्रत्येकाला आपला भाग माहीत होता. पण सगळे भाग एकत्र ठेवून, छापण्याआधी, मूळ अहवालांशी ताडून बघणं आपलं काम आहे असं त्यांना वाटलं असतं, तर ती चूक छापखान्यापर्यंत गेली नसती. संबंध नसल्याचं सांगायला सहा वर्षं लागली, आणि तोवर लस न घेतलेली मुलं शाळेत जाऊ लागली होती.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. 1978 मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या बैठकीतून ती उभी राहिली. तिच्या मते लेखक म्हणवून घ्यायला संशोधनाच्या आखणीत किंवा माहिती जमवण्यात, तपासण्यात भरीव वाटा हवा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सेत हात हवा, छापण्याआधी अंतिम मसुदा मान्य केलेला हवा. 2013 मध्ये चौथी अट आली: पेपरातल्या कुठल्याही भागावर शंका निघाली तर तिची तड लावायची जबाबदारीही घ्यायची. या चारही अटी एकदम पुऱ्या कराव्या लागतात. ही चौथी अट मला सर्वांत मोलाची वाटते. नुसता निधी मिळवून देणारे किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून मानाचं पान मिळालेले, या चाळणीत लेखक ठरत नाहीत. त्यांचे आभार मानावेत.

आपल्याकडे गोष्ट अडते ती बढतीपाशी. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं 2015 मध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी फक्त पहिल्या आणि दुसऱ्या लेखकाचा पेपर धरायचा असं ठरवलं. नंतर नियम बदलले, 2020 मध्ये पहिल्या तिघांना आणि नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला मान्यता मिळाली. हेतू चांगला असेल, पण आयबीडीसारख्या कामात पाच विभाग लागतात. मग नाव कितवं यावरून विभागाविभागांत धुसफूस होते, चौथ्या क्रमांकाचा पॅथॉलॉजिस्ट पुढच्या वेळी तुकडे पुन्हा काढून बघायला वेळ का देईल? सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि रान कसणारा दुसराच, हे दुखणं आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यावर एक उपाय बऱ्याच नियतकालिकांनी स्वीकारला आहे: 14 प्रकारच्या कामांची ठरलेली यादी, आणि प्रत्येक नावापुढे त्यानं काय केलं त्याची नोंद. आकडेवारी कोणी केली, रुग्ण कोणी तपासले, मसुदा कोणी लिहिला, सगळं उघड. बढतीच्या नियमांनी क्रमांकाऐवजी ही नोंद धरली तर अर्धी भांडणं मिटतील.

जनुकांच्या संशोधनानं तर नावांची यादी पानंच्या पानं लांबवली. 2001 मध्ये नॉड-2 हे क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं आणि दोघांचे पेपर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. 2012 मध्ये 75 हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून आयबीडीशी संबंधित 163 जागा जनुकांच्या नकाशावर सापडल्या. एवढं काम एका देशाला झेपणारं नाही. पण त्यात आपण किती? 2015 च्या पुढच्या मोठ्या अभ्यासात युरोपीय वंशाचे 86,640 लोक होते आणि पूर्व आशियाई, भारतीय, इराणी मिळून 9,846. युरोपात क्रोन्सचा धोका वाढवणारे नॉड-2 मधले नेहमीचे बदल भारतीय रुग्णांत जवळपास आढळतच नाहीत. म्हणजे इथला क्रोन्स समजून घ्यायला इथलेच नमुने लागणार, आणि ते मागायला बाहेरच्या प्रयोगशाळा येणार.

नमुना देण्याआधीच कागदावर ठरवायला हवं: विश्लेषणात इथलं कोण असेल, मसुदा कोण वाचेल, नाव कुठे येईल. करवीर किंवा राधानगरीच्या एखाद्या रुग्णाचा फॉर्म मन लावून भरणारी निवासी डॉक्टर निष्कर्षांच्या चर्चेत बसली तरच टीबीचा इतिहास नीट विचारात घेतला जाईल. ज्या रुग्णाचा तो तुकडा, त्याला संमतीपत्रक साध्या मराठीत मिळावं, सही घेण्याआधी ते कुणीतरी त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवावं, आणि पेपर छापून आला की त्यातून काय निघालं हे सांगणारं एक पान त्याच्या पत्त्यावर जावं. एवढं करायला ना मोठं यंत्र लागतं, ना वेगळा निधी.