वृक्षसालीच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता

सालीतली टॅनिन, फ्लॅव्होनॉइड आणि इतर फिनॉल संयुगे मुक्त मूलकांना (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन अभिक्रिया करणाऱ्या कणांना) हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊन निष्प्रभ करतात. अर्काची ही ताकद मोजताना आकड्याइतकीच झाडाची ओळख महत्त्वाची असते. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा 'अशोक' हा खोटा अशोक. औषधी सीता-अशोक वेगळा. बाजारात दोघांच्या सालींची सर्रास भेसळ होते. येऊरच्या रानात ऐन, खैर भरपूर. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तिथली साल काढणे बेकायदा आहे. खासगी जागेतल्या झाडाचीही एका बाजूची अरुंद उभी पट्टीच घ्यावी. खोडाभोवती गोल सोलले की रसवाहिन्या तुटतात आणि झाड वाळते.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत साल सावलीत वाळत घातली तर बुरसते. 40 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, तुकडा कट्कन मोडेपर्यंत ठेवावी. 10 ग्रॅम भुकटी 100 मिलि 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास हलवत ठेवून गाळतात आणि द्रावक कमी दाबाखाली उडवतात.

नेहमीची चाचणी डीपीपीएचची, म्हणजे एका टिकाऊ, जांभळ्या मुक्त मूलकाची. 3.94 मिग्रॅ डीपीपीएच 100 मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवले की 0.1 मिलिमोलरचे गर्द जांभळे द्रावण होते. त्याच्या 3 मिलिमध्ये 1 मिलि विरल अर्क घालून 30 मिनिटे अंधारात ठेवतात, मग 517 नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचे शोषण मोजतात. जांभळा रंग पिवळट होत गेला, तर अर्क काम करतो आहे. रंग निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आयसी 50. ती जितकी कमी, तितका अर्क प्रभावी.

गोची इथेच होते. अर्जुन, खैर यांचे अर्क स्वतःच तांबूस-तपकिरी असल्याने 517 ला थोडे शोषण त्यांचेही मिळते. डीपीपीएचशिवाय, नुसत्या मिथेनॉलमध्ये अर्काची वेगळी नळी लावून ते वजा केले नाही, तर चांगला अर्कही कमजोर दिसतो. प्रत्येक फेरीत तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक आम्लाची (क जीवनसत्त्वाची) नळीही हवी. डीपीपीएचची तीव्रता बदलली की आयसी 50 बदलतो, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत.

घरगुती काढ्याची गोष्ट निराळी. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याच्या मापाने 1 भाग भरड साल 16 भाग पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवतात. लोखंडी कढई वापरली तर टॅनिन लोहाशी जुळून काढा शाईसारखा काळा पडतो. स्टीलचे पातेले घ्यावे. शिवाय सालीतली मोठी टॅनिने आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत, त्यामुळे नळीतला आयसी 50 पाहून काढ्याचा डोस ठरत नाही.